नवा जन्म : ख्रिस्ती आणि मॉर्मन कल्पना



आजच्या विषयाची पाटी चौकात लागली तेव्हा तीनचार मंडळींनी मला वाटेतच थांबवले. "गुरुजी, देवणीत मॉर्मन कुठून आणले?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. आपल्या गावाचे नाव दूरवर गेले ते बैलामुळे, धर्मचर्चेमुळे नव्हे. आणि मॉर्मन पंथाचा माणूस इथल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. त्याचे कारण एका वृद्ध बाईंनी मला विचारलेला एक प्रश्न हे आहे. आधी तो प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या एका स्नेह्यांच्या मातोश्री आहेत. मी त्यांना काकू म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा नातू शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, तेथेच नोकरीला लागला आणि काही दिवसांनी मॉर्मन झाला. घरी कळवताना तो आजीला म्हणाला, "आजी, माझा नवा जन्म झाला." घरात व्हायचा तो गोंधळ झाला. काकूंनी मात्र आदळआपट केली नाही. मला बोलावून घेतले आणि एवढेच विचारले, "गुरुजी, पोरगं म्हणतंय नवा जन्म झाला. मग पहिल्या जन्मातली मी त्याची कोण लागते आता?"

त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. चाळीस वर्षे मुलांना शिकवले आणि एका आजीच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही! मग वाचायला बसलो. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनाचे फळ आहे. मी ख्रिस्ती नाही आणि मॉर्मनही नाही. कोणाचा प्रचार करणे किंवा कोणाची निंदा करणे हा माझा हेतू नाही. दोन घरांत एकच शब्द वापरतात आणि त्याचे दोन अर्थ करतात, तेव्हा भांडण नेमके कशाचे आहे ते पाहावे, इतकेच मला करायचे आहे.

प्रथम शब्द पाहू. आपल्याकडे 'पुनर्जन्म' म्हटले की मेल्यानंतर दुसरा देह घेणे हाच अर्थ मनात येतो. ख्रिस्ती माणूस नव्या जन्माविषयी बोलतो तेव्हा त्याला हा अर्थ मुळीच अभिप्रेत नसतो. त्याचा नवा जन्म याच देहात, याच आयुष्यात व्हायचा असतो. या कल्पनेचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा एक वृद्ध धर्मपंडित रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. माणसाने पुन्हा जन्मल्याखेरीज त्याला देवाचे राज्य दिसणार नाही, असे येशू त्याला सांगतो. निकदेम गोंधळतो. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाणार, असे विचारतो. त्यावर पाण्याने आणि आत्म्याने जन्मावे लागते, असे त्याला उत्तर मिळते. मूळ ग्रीक शब्दाला दोन अर्थ आहेत : एक 'पुन्हा' आणि दुसरा 'वरून'. निकदेमाने पहिला अर्थ घेतला. येशूच्या मनात दुसराही होता. गेली दोन हजार वर्षे ख्रिस्ती पंथांचा जो वाद चालला आहे, तो बहुतांशी या पाणी आणि आत्मा या दोन शब्दांचा आहे. पाणी दिसते, आत्मा दिसत नाही. मग जन्म झाला तो कशाने, कोणाच्या हातून, आणि झाला हे ओळखायचे कशावरून? हे तीन प्रश्न आपण हाताशी ठेवू.

आपल्याला हे प्रश्न अगदीच परके नाहीत. मुंज झालेल्याला द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला म्हणण्याची रीत जुनी आहे. मात्र तो दुसरा जन्म कोणाला मिळायचा हे पहिल्या जन्मावरूनच ठरत असे, आणि बायकांना व शूद्रांना तो नव्हताच. आपल्या या भागात लिंगायत समाज मोठा आहे. ज्या कल्याणात बसवेश्वरांनी आपले कार्य केले ते आपल्यापासून फार लांब नाही. लिंगायतांत बाळाला लिंग बांधतात ते वेगळे, आणि जाणत्या वयात गुरूकडून दीक्षा घेतात ती वेगळी. दीक्षा घेतलेला गुरूच्या हातातून जन्मला, असे त्यांचे शास्त्र मानते. आणि तिसरे उदाहरण तर आपल्यातील अनेकांच्या घरचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत, आज आपला नवा जन्म होत आहे असे मानण्याची एक प्रतिज्ञा आहे. ज्यांच्या आजोबांनी ती घेतली, त्यांना नवा जन्म म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही.

आता रूढ ख्रिस्ती पंथांकडे वळू. त्यांत ढोबळ दोन प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह रोमन कॅथॉलिकांचा. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथ, आणि पुष्कळ अंशी अँग्लिकन व लुथेरन पंथही याच बाजूचे. त्यांच्या मते बाप्तिस्मा हाच नवा जन्म. वसईला किंवा गोव्यात तान्ह्या बाळाला देवळात नेतात, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याच्या मस्तकावर पाणी घालतात, आणि त्याच क्षणी ते बाळ नव्याने जन्मले असे समजतात. बाळाला काही कळत नाही, हा आक्षेप त्यांना मान्य नाही. पहिला जन्म तरी बाळाने समजून घेतला होता का? जन्म ही मिळण्याची गोष्ट आहे, मिळवण्याची नव्हे, असे ते म्हणतात. शिवाय आदिपुरुष आदामाच्या पतनाचा दोष प्रत्येक माणसाबरोबर येतो अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे, तो दोष लवकर धुतला जाणे त्यांना अगत्याचे वाटते.

दुसरा प्रवाह आहे मनाच्या पालटाचा. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये जॉन वेस्ली एका सभेत बसले असता आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब आली असे त्यांना जाणवले. वेस्लींचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला होता. ते स्वतः धर्मोपदेशक होते. तरीही खरा विश्वास त्यांना त्या संध्याकाळी गवसला. त्यांच्याच चळवळीतून मेथॉडिस्ट पंथ निघाला. शेजारच्या बीदरला ज्या मेथॉडिस्ट मिशनचे काम आपण ऐकून आहोत, तो हाच. वेस्लींनी बालकांचा बाप्तिस्मा सोडला नाही, परंतु त्यावर विसंबून राहू नका असे बजावले. बॅप्टिस्ट पंथ याच्याही पुढे गेला. आधी विश्वास, मग पाणी. आणि तेही शिंपडायचे नव्हे, सबंध बुडवायचे, असा त्यांचा दंडक. त्यांच्या मते नवा जन्म आत्म्याने होतो. पाणी ही त्याची जाहीर खूण.

या दोन प्रवाहांमधील ओढाताण पुस्तकात वाचून नीट ध्यानात येत नाही. ती एका माणसाच्या आयुष्यात पाहावी लागते. सुदैवाने असे आयुष्य आपल्या मराठी भाषेत आहे. ते पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला व मुलींना संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला. घराने वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या, पुराणे सांगितली, आणि दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लग्न झाले, मुलगी झाली आणि दोन वर्षे होतात न होतात तोच वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पाणी झाले, नाव झाले, नोंद झाली. पहिल्या प्रवाहाच्या हिशेबाने नवा जन्म झाला.

परंतु रमाबाईंचा स्वतःचा जबाब वेगळा आहे. १९०७ साली त्यांनी आपल्या धर्मानुभवाचे निवेदन लिहिले. त्यात त्या म्हणतात त्याचा आशय असा की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्या अस्वस्थच राहिल्या. त्या काळात विल्यम हॅस्लाम नावाच्या एका अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. या गृहस्थांची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. पुष्कळ वर्षे ते लोकांना उपदेश करीत होते, आणि एके दिवशी व्यासपीठावर उभे राहून बोलत असता स्वतःच्याच प्रवचनाने त्यांचे परिवर्तन झाले! रमाबाईंनी ते वाचले आणि स्वतःला विचारले, माझे असे कधी झाले आहे काय? १८९१ च्या सुमारास त्यांना जे हवे होते ते मिळाले, असे त्या सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाँटेजच्या भगिनींशी रमाबाईंचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झालेला आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी कडाडून शंका घेतल्या. बाप्तिस्मा घेतला म्हणजे विचार करण्याचा हक्क गहाण टाकला असे त्यांना मान्य नव्हते. ब्राह्मणी पुरोहिताचे जू मानेवरून उतरवले ते दुसऱ्या पुरोहिताचे घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

रमाबाईंच्या शेजारी आपण आणखी एक बाई ठेवू. त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे त्या पतीकडे राहायला गेल्या तरी सोवळे सोडले नाही. मग एके दिवशी बसल्या बसल्या त्यांच्या मनाने घेतले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपण घेऊ. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांना तो प्रसंग आठवेल. त्यांचा बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. म्हणजे पाहा, रमाबाईंचे पाणी आधी आणि पालट नंतर. लक्ष्मीबाईंचा पालट आधी आणि पाणी नंतर. ज्या पाण्याने लक्ष्मीबाई बदलल्या ते बाप्तिस्म्याचे नव्हे, दुसऱ्याच्या हातचे पिण्याचे पाणी होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

खुद्द टिळक तर शेवटी याही पुढे गेले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि तो दरबार वाढला नाही. परंतु प्रश्न त्यांनी अचूक उभा केला होता : नव्या जन्मावर शिक्का मारण्याचा अधिकार कोणाचा?

नेमक्या याच प्रश्नावर मॉर्मन पंथ उभा आहे. म्हणून आता त्याच्याकडे वळू.

मॉर्मन हे टोपणनाव आहे. त्या मंडळींना ते आता फारसे रुचत नाही. आपल्या संस्थेला ते येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी म्हणतात. मी सोयीसाठी रूढ नाव वापरतो, त्यात अनादर नाही. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क संस्थानात जोसेफ स्मिथ या चोवीस वर्षांच्या तरुणाने हा पंथ स्थापन केला. सोन्याच्या पत्र्यांवरील प्राचीन लेखाचे दैवी साहाय्याने भाषांतर केले असे सांगून त्याने त्याच वर्षी 'मॉर्मनचा ग्रंथ' प्रसिद्ध केला. बायबलाबरोबर हा ग्रंथही ते प्रमाण मानतात. १८४४ साली जमावाने स्मिथला तुरुंगात गोळ्या घालून ठार केले. अनुयायी पुढे पश्चिमेला उटाहच्या खाऱ्या सरोवराकाठी जाऊन वसले.

या लोकांचा आपल्याशी काहीच संबंध आला नाही असे मात्र नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे त्यांचे प्रचारक मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याच्या छावणीच्या आसपास त्यांनी एक लहानशी मंडळीही जमवली. तेथील मिशनऱ्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना फारसे उभे केले नाही. चारदोन वर्षांत हे प्रचारक परत गेले. रूढ ख्रिस्ती पंथ आणि मॉर्मन यांचे पटत नाही, ही गोष्ट आपल्या पुण्याने इतक्या पूर्वी पाहिली आहे.

आता आपले तीन प्रश्न त्यांना घालू. नवा जन्म कशाने होतो? मॉर्मन सांगतात : पाणी आणि आत्मा, दोन्हींनी, आणि ठरलेल्या क्रमाने. आधी विश्वास व पश्चात्ताप. मग सबंध अंग बुडवून बाप्तिस्मा. मग मस्तकावर हात ठेवून पवित्र आत्म्याचे दान. बाप्तिस्म्याच्या वेळी अंगाचा किंवा कपड्याचा थोडा भाग जरी पाण्याबाहेर राहिला तरी विधी पुन्हा करतात. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणे त्यांना मुळीच मान्य नाही. आदामाचा दोष मुलाला लागत नाही, माणूस स्वतःच्या पापाबद्दलच जबाबदार, असे त्यांचे तत्त्व आहे. म्हणून मूल आठ वर्षांचे झाले, बरेवाईट कळू लागले, की मग बाप्तिस्मा. आपल्याकडे मुंजीलाही आठवे वर्ष सांगितले आहे. हा केवळ योगायोग, पण लक्षात राहण्याजोगा.

दुसरा प्रश्न, कोणाच्या हातून? येथे मॉर्मनांचे उत्तर सर्वांत कडक आहे. ते म्हणतात, येशूच्या पहिल्या शिष्यांनंतर बाप्तिस्मा देण्याचा खरा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला. १५ मे १८२९ रोजी बाप्तिस्मा करणारा योहान स्वतः स्मिथ व त्याचा सहकारी ऑलिव्हर काउडरी यांच्यापुढे प्रकट झाला आणि त्याने तो अधिकार पुन्हा दिला. म्हणून त्यांच्या मते पोपचा बाप्तिस्मा चालत नाही, मेथॉडिस्टाचा चालत नाही आणि बॅप्टिस्टाचाही चालत नाही. त्यांच्यात येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पाण्यात उतरावे लागते.

रूढ पंथांनीही त्याची परतफेड केली आहे. कॅथॉलिक चर्च प्रॉटेस्टंटांचा बाप्तिस्मा सहसा ग्राह्य धरते. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावे असली की पुरे. मॉर्मनही तीच तीन नावे घेतात. तरीसुद्धा २००१ साली रोमने निर्णय दिला की मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. का? शब्द तेच असले तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे म्हणून. रूढ ख्रिस्ती श्रद्धेत देव एकच, आणि ते तिघे त्या एकाच तत्त्वाचे. मॉर्मन त्या तिघांना हेतूने एक परंतु स्वरूपाने वेगळे मानतात, आणि पित्याला माणसासारखा देह आहे असेही मानतात. ज्यांच्या घरी जन्मायचे ते मायबापच वेगळे असतील, तर तो जन्म एक कसा म्हणावा, असा रोमचा विचार दिसतो.

तिसरा प्रश्न, ओळखायचा कशावरून? मॉर्मनांच्या ग्रंथात आल्मा नावाच्या एका उनाड तरुणाची कथा आहे. देवदूत दिसतो, तरुण मूर्च्छित पडतो, आणि उठतो तो आत्म्याने जन्मलेला म्हणून. वेस्लीच्या अनुयायांना ही कथा अगदी घरची वाटेल. परंतु मॉर्मनांचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी आपल्या लोकांना बजावले होते की असे प्रसंग अपवादाचे; बहुतेकांचा पालट हळूहळू, कळत नकळत होतो. पाण्यातून वर आला म्हणजे काम संपले असे ते मानत नाहीत. दर रविवारी भाकर आणि पाणी घेऊन करार ताजा करायचा, दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य करायची, उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा आणि शेवटपर्यंत टिकायचे. चहा वर्ज्य म्हटल्यावर आपल्यातील निम्मे लोक येथेच गळतील!

यावर प्रॉटेस्टंटांचा आक्षेप असा की, तुम्ही कृपेचे मोल कमी केले. तारण हे देवाचे फुकट दान आहे. तुम्ही त्याला मजुरीचे रूप दिलेत. मॉर्मन उत्तर देतात : मेलेल्या प्रत्येकाला पुन्हा उठवणे हे ख्रिस्ताचे दान सर्वांना बिनशर्त आहेच. परंतु देवाच्या सान्निध्यात जाऊन राहायचे तर करार पाळावा लागतो, आणि तोही त्याच्या कृपेखेरीज पाळता येत नाही. आपल्याकडे देवाची कृपा आणि भक्ताची साधना यांचा वाद कीर्तनात ऐकलेला आहेच. तो येथेही सुटलेला नाही.

आणखी एक भेद आपल्या लोकांना विशेष वाटेल. रूढ ख्रिस्ती मतात आत्म्याला या जन्माआधी अस्तित्व नाही. मॉर्मन म्हणतात, आहे. जन्मापूर्वी आपण सारे देवाची लेकरे म्हणून त्याच्यापाशी होतो. मात्र म्हणून मेल्यावर पुन्हा दुसरा देह मिळतो, असे तेही मानत नाहीत.

आणि मेलेल्यांचे काय? येथेच काकूंचे घर मध्ये येते. मॉर्मनांची देवळे ही साप्ताहिक प्रार्थनेच्या जागांहून निराळी असतात. तेथे ते मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेतात. नातू पाण्यात उतरतो आणि आजोबांचे नाव घेतले जाते. रूढ ख्रिस्ती पंथांना हे मुळीच मान्य नाही; जिवंतपणी ज्याने काही केले नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने पाण्यात उतरून काय होणार, असे ते विचारतात. मॉर्मन म्हणतात, आम्ही फक्त दार उघडतो. आत यायचे की नाही हे त्या आत्म्याने ठरवायचे. आपण पितरांना पाणी देतो. त्या पाण्याची आणि या पाण्याची जात वेगळी आहे, हे मला कळते. पण मागे राहिलेल्या माणसाची तळमळ वेगळी आहे असे मला वाटत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या आजोबांनी आयुष्यभर विठ्ठलाचे नाव घेतले, त्यांच्या नावाने कोणी परधर्माचा विधी केला तर घरच्यांना दुखणारच. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावाने असे विधी झाले तेव्हा ज्यू लोकांनी तीव्र निषेध केला, आणि १९९५ साली मॉर्मन चर्चला ते थांबवण्याचे मान्य करावे लागले. आज त्यांचा स्वतःचा नियम असा आहे की, गेल्या एकशेदहा वर्षांत जन्मलेल्या मृताच्या बाबतीत जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी घ्यावी, आणि त्यात पहिला मान हयात पत्नीचा किंवा पतीचा.

आता समारोप करतो. आपण देवणीकर आहोत, तेव्हा बैलाचा दृष्टान्त क्षम्य मानावा. बाजारात बैल घेतला की पावती घेतो. पावती फुकटची नसते. वाटेत कोणी अडवले, वाद निघाला, तर बैल कोणाचा हे पावतीवरून ठरते. पण बैल कसा आहे हे पावतीत लिहिलेले नसते. ते जुवाखाली कळते. बाप्तिस्मा असो, लिंगदीक्षा असो की मुंज असो, विधी ही माणूस कोणाचा हे सांगणारी पावती आहे. संस्थेला ती लागते, आणि ती कोणी द्यावी यावर कॅथॉलिक, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट आणि मॉर्मन भांडत राहणार. तो वाद खोटा नाही. ज्याची त्यावर श्रद्धा आहे त्याला तो जिवाचा आहे. परंतु बाहेर उभ्या असलेल्या तुम्हाआम्हाला, आणि विशेषतः घरच्या माणसांना, पाहायचे असते ते जू.

रमाबाईंचा नवा जन्म १८८३ चा की १८९१ चा, हे मी ठरवू शकत नाही. मी एवढे पाहतो की १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास जवळजवळ दोन हजार जीव होते. तेथे छापखाना चालला, माग चालले, तेलाचा घाणा चालला, आंधळ्या मुलींना शिकवण्याची सोय झाली. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून सगळ्या बायबलाचे साध्या बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ साली छापून निघाले. दुष्काळात आईबाप गमावलेल्या एका मुलीने दुष्काळातल्या दोन हजार जिवांची आई व्हावे, याला नवा जन्म म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? आणि हेही पाहा की, या दुसऱ्या जन्माने पहिला पुसला नाही. वडिलांनी शिकवलेले संस्कृत, अंगावर काढलेली उपासमार, हे सारे त्या दुसऱ्या जन्माच्या कामी आले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी काकूंकडे गेलो. म्हटले, "काकू, त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, आज देतो. रूढ ख्रिस्ती घ्या की मॉर्मन घ्या, कोणाच्याही शास्त्रात नव्या जन्माने आजी सुटत नाही. तो तुमचा नातूच आहे. आणि उद्या तो आजोबांच्या नावाने तिकडे काही करू म्हणाला, तर होय म्हणायचे की नाही हे तुमच्या हाती आहे. हा त्यांचाच नियम आहे. नको असेल तर मोकळ्या मनाने नको म्हणा. बाकी तो कसा जन्मला हे पुस्तकात पाहू नका. त्याच्या वागण्यात पाहा. पूर्वीपेक्षा माणसाला धरून आहे की तुटला, एवढे बघा."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी महिन्याला एकदा फोन करायचा, गुरुजी. आता रोज करायलाय." पुढे म्हणाल्या, "पर ह्यांच्या नावानं काही करायचं नाही म्हणून मी सांगितलंय त्याला. हो म्हणाला."